पहिली दुनळी: नवी कोरी की जुनी नावाजलेली?

वाचकाचे पत्र (थोडक्यात): ताई, आम्ही मूळचे सांगलीचे. गेली नऊ वर्षे लेस्टरजवळ राहतो. गेल्या वर्षी एका मित्राबरोबर क्ले शूटिंगच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीने फोडण्याच्या खेळाच्या, मैदानावर गेलो आणि तेव्हापासून मी आणि पत्नी जवळजवळ प्रत्येक रविवारी जातो. दोघेही मैदानाच्याच बंदुकीने शंभर-शंभर तबकड्यांवर नेम धरतो आणि दोघांचा मिळून सुमारे ९० पौंड खर्च होतो. माझे शॉटगन सर्टिफिकेट आले आहे, पत्नीचा अर्ज अजून पोलिसांकडे आहे. बंदुकीसाठी १,५०० पौंड बाजूला ठेवले आहेत. दुकानात तीन बंदुका पाहिल्या. एक नवी कोरी तुर्की बनावटीची, ८५० पौंड, तीन वर्षांच्या हमीसह. दुसरी वापरलेली बेरेटा ६८६ ई स्पोर्टिंग, १,१५० पौंड. 'दहा-बारा वर्षांची असेल' असे दुकानदार म्हणतो. तिसरी वापरलेली मिरोकू एमके ३८ ट्रॅप, ९५० पौंड, पण तिचे चोक (नळीच्या टोकाचे अरुंद भाग, ज्यांच्यावर छर्रे किती पसरतात ते ठरते) बदलता येत नाहीत. मित्र म्हणतो, घाई करू नका, पैसे साठवून एकदम पेराझी ही महागडी इटालियन बंदूक घ्या. पत्नीचा खांदा दर वेळी काळानिळा पडतो, म्हणून हलकी बंदूक घेतली तर ती दोघांना चालेल असे मला वाटते. फोटो सोबत पाठवतो आहे. काय करावे?

उत्तर:

तुमचे पत्र आणि फोटो दोन्ही नीट पाहिले. माझे मत आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना मन अधांतरी राहणार नाही. खाली सांगितलेल्या तपासणीत खरी उतरली तर बेरेटा घ्या, किमतीत थोडी घासाघीस करा, उरलेल्या पैशांतले निदान अडीचशे-तीनशे पौंड दस्ता तुमच्या मापाचा करून घेण्यासाठी राखून ठेवा, आणि वहिनींसाठी आत्ता काहीच घेऊ नका. त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो हलक्या बंदुकीने सुटणारा नाही.

आता कारणे. तुम्ही बंदुकीच्या किमतींची तुलना केली आहे. त्याआधी तुमच्या रविवारांचा हिशेब मांडू. वर्षाला चाळीस रविवार धरले तर ९० पौंडांप्रमाणे ३,६०० पौंड तबकड्या आणि काडतुसांवर जातात. म्हणजे तुर्की बंदूक आणि बेरेटा यांच्या किमतीतला ३०० पौंडांचा फरक हा तुमचा जेमतेम सव्वातीन रविवारांचा खर्च आहे. शिवाय रविवारी शंभर या हिशेबाने एकट्या तुमच्या बंदुकीतून वर्षाला चार हजार बार निघणार आहेत. शेतावर कबुतरे हाकलण्यासाठी ठेवलेल्या बंदुकीतून वर्षाला एवढे बार क्वचितच निघतात. त्यामुळे 'बंदूक भरवशाची आहे का' या प्रश्नाचा अर्थ आपल्या खेळात वेगळा होतो. पहिली दोन-तीन हजार काडतुसे कोणतीही नवी बंदूक सहसा बिनतक्रार उडवते. वीस हजारांनंतर तिची बिजागरी, तिच्या स्प्रिंगा आणि काडतुसाच्या टोपीवर आघात करणाऱ्या फायरिंग पिना कशा वागतात, आणि त्यांतले काही झिजले तर त्याचा सुटा भाग तासाभराच्या अंतरावरच्या कारागिराच्या खणात सापडतो का, हे आपल्याला आधी कळायला हवे.

हे मी अनुभवाने शिकले. २००८ मध्ये मी माझी पहिली बंदूक घेतली, ती नवी कोरी आणि स्वस्त होती. बनवणाऱ्याचे नाव इथे सांगण्याची गरज नाही. पहिले वर्ष छान गेले. चौदाव्या महिन्यात एका पावसाळी रविवारी खालच्या नळीचा बार झाला, वरच्या नळीचा नुसता 'खट्' असा आवाज आला आणि तबकडी निवांत गवतात जाऊन पडली. काडतूस बाहेर काढून पाहिले तर टोपीवर पिनेचा ठसा इतका पुसट होता की तो पाहण्यासाठी ते उजेडात तिरके धरावे लागले. हमी होती, त्यामुळे दुरुस्तीचा पैसा लागला नाही. पण लागणारी स्प्रिंग त्या वेळी या देशात कुणाकडेच नव्हती आणि बंदूक परत हातात यायला सात आठवडे लागले. पुढे तसेच दुसऱ्यांदा झाले. शेवटी ती विकायला काढली तेव्हा खरेदीच्या निम्मीही किंमत आली नाही. हमीपत्रामुळे सुटा भाग फुकट मिळतो, तो लवकर मिळेल याची शाश्वती मात्र त्यात नसते.

तुर्की बंदुकांवर मी सरसकट फुली मारत नाही. कोन्या प्रांतातल्या बेयशेहिरच्या परिसरात गावेच्या गावे बंदुका बनवण्यात मुरलेली आहेत आणि तिथून चांगले कामही बाहेर पडते. आठवड्याला पंचवीस तबकड्या मारणाऱ्या माणसाला तिथली बंदूक वर्षानुवर्षे पुरते. परंतु तुम्ही दुकानात पाहिलेल्या बंदुकीबद्दल दोन प्रश्न दुकानदाराला विचारा: फायरिंग पिना, इजेक्टरच्या (उडवलेली काडतुसे बाहेर फेकणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगा आणि चोक आत्ता, आजच्या आज दुकानात शिल्लक आहेत का, आणि तीन वर्षांनी हीच बंदूक मी परत आणली तर तुम्ही किती पौंडांना घ्याल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना दुकानदार जितका वेळ घुटमळेल तितकी ती बंदूक महाग समजा. बेरेटाबद्दल हाच प्रश्न विचारलात तर तो बहुधा लगेच आकडा सांगेल, कारण ६८० मालिकेच्या बंदुका या देशात एवढ्या आहेत की त्यांचा भाव सगळ्यांना पाठ असतो. १,१५० पौंडांना घेतलेली बंदूक तीन वर्षांनी ९०० ला गेली तर तिचा खरा खर्च २५० पौंड झाला. ८५० ला घेतलेली ३५० ला गेली तर ५००. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण माझ्या पहिल्या बंदुकीचे गणित असेच बसले होते.

आता तुम्ही पाहिलेल्या बेरेटाकडे वळू. नळ्यांच्या बुडाच्या सपाट भागाचा फोटो तुम्ही पाठवलात हे फार चांगले केले. त्यात प्रूफच्या, म्हणजे बंदुकीच्या चाचणीच्या, शिक्क्यांशेजारी एका छोट्या चौकटीत 'बीएन' अशी दोन रोमन अक्षरे आहेत. इटलीत प्रत्येक बंदुकीची चाचणी होते तेव्हा त्या वर्षाची खूण अशी अक्षरांत ठोकली जाते. १९७५ साली 'एए' पासून ही दोन अक्षरांची पद्धत सुरू झाली. 'बीएन' म्हणजे २०००, 'बीझेड' म्हणजे २००५ आणि 'सीए' म्हणजे २००६. म्हणजे तुमची बंदूक दहा-बारा वर्षांची नसून पंचविशी गाठलेली आहे. दुकानदार खोटे बोलला असे मी म्हणत नाही, कदाचित त्याने शिक्का पाहिलाच नसेल. वयामुळे बंदूक बाद होत नाही, पण घासाघीस करायला तुमच्या हातात हा सरळ आणि सभ्य मुद्दा आला आहे. किती बार निघाले आहेत हे महत्त्वाचे, आणि ते कागदावर कुठेच लिहिलेले नसते; ते बंदुकीच्या अंगावर वाचावे लागते.

ते वाचायचे कसे? बंदूक बंद करून, ती उघडण्याची वरची कळ पाहा. नव्या ६८६ ची कळ बंद केल्यावर मधल्या रेषेच्या थोडी उजवीकडे थांबते. बंद बंदूक घट्ट धरून ठेवणारे बोल्ट झिजत जातात तशी ती मध्याकडे सरकते आणि फार वापरलेल्या बंदुकीत मध्य ओलांडून डावीकडे जाते. उजवीकडे किंवा मध्यावर असेल तर निश्चिंत राहा. डावीकडे असेल तरी लगेच पाठ फिरवू नका, कारण बेरेटाच्या रचनेत खालीवर दोन नळ्यांना दोन बाजूंनी शंकूच्या टोकाचे दोन बोल्ट धरून ठेवतात आणि ते किंचित मोठ्या मापाचे मिळतात. कारागीर ते बदलून पकड पुन्हा घट्ट करतो. नळ्या ज्या खुंट्यांवर फिरतात त्याही बदलता येतात. या बंदुकीची किंमत टिकण्यामागचे मोठे कारण हेच आहे: झिजणारे भाग बदलण्यासाठीच बनवलेले आहेत. फक्त ते काम आधी झाले असेल तर कळ नव्यासारखी दिसेल, म्हणून विचारून घ्या.

त्यानंतर पुढचे लाकूड काढा, बंदूक बंद ठेवा, दस्त्याच्या मुठीला धरून कानाजवळ हलकेच हलवा. काहीही हलता कामा नये आणि काहीही खुळखुळता कामा नये. पुढचे लाकूड बसवलेले असताना ही परीक्षा घेऊ नका, कारण त्या लाकडाच्या दाबाने सैल बिजागरीही घट्ट भासते. मग नळ्या वेगळ्या काढून बुडाकडच्या आकड्याला बोटावर लटकवा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. चांगल्या नळ्या पितळी घंटेसारख्या लांबवर वाजतात. वरची किंवा बाजूची पट्टी कुठे सुटली असेल तर आवाज मडक्यासारखा बद्द येतो. नळ्यांतून खिडकीच्या उजेडाकडे पाहा. आतली सावली सलग, गोल आणि शांत दिसली पाहिजे. कुठे वर्तुळ मोडलेले दिसले तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे, आणि फुगवटा असलेली नळी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. काडतूस बसते त्या जागी गंजाचे खड्डे आहेत का तेही बघा. इंग्लंडच्या दमट हवेत ओल्या आवरणात रात्रभर ठेवलेल्या बंदुकीचे ते पहिले दुखणे असते. चोक पाचही काढून पुन्हा बसवून पाहा. एखादा जाम झाला असेल तर तो दुकानदाराने काढून द्यावा, तुम्ही नव्हे.

चापाबद्दल एक गोष्ट सांगते, कारण ती माहीत नसल्यामुळे चांगली बंदूक बिघडलेली वाटते. ६८६ ला एकच चाप आहे आणि दुसऱ्या नळीचा बार पहिल्या बाराच्या धक्क्यावर अवलंबून असतो. पहिला बार झाला की आतला एक लोखंडी तुकडा त्या धक्क्याने सरकतो आणि मगच चाप दुसऱ्या नळीला जोडला जातो. म्हणून दुकानात स्नॅप कॅप, म्हणजे चाचणीची पोकळ काडतुसे, घालून चाप दोनदा ओढलात तर दुसऱ्यांदा काहीच होणार नाही. पहिल्यांदा ओढल्यावर दस्त्याच्या टाचेवर तळहाताने जोरात थाप मारा आणि मग दुसऱ्यांदा ओढा. दोन्हींचा आवाज सारखा टणक आला पाहिजे. बंदूक उघडल्यावर दोन्ही स्नॅप कॅप एकाच वेळी आणि साधारण सारख्याच अंतरावर उडाल्या पाहिजेत. एक आधी आणि एक नंतर येत असेल तर इजेक्टरचे काम निघाले आहे. हे काम मोठे नाही, पण त्याचे पैसे किमतीतून वजा करून मागा. शेवटी दस्ता पाहा. वरच्या धातूची शेपटी लाकडात जिथे संपते तिथे आणि मुठीच्या आजूबाजूला केसाएवढा तडा आहे का ते नखाने चाचपा. तिथले लाकूड काळपट आणि मऊ झाले असेल तर मागच्या मालकाने तेलाचा मारा केला आणि बंदूक उभी ठेवली, असे समजावे. तेल हळूहळू खाली लाकडात उतरते आणि लाकूड कुजल्यासारखे होते. तुम्ही ती घेतलीत तर कपाटात नळ्यांचे तोंड खाली करून ठेवा आणि बिजागरीच्या खुंट्यांना थोडे ग्रीस लावल्याशिवाय मैदानावर जाऊ नका.

एवढे सगळे स्वतः पाहिल्यावरही दुकानदाराला सांगा की दुकानाशी संबंध नसलेल्या कारागिराकडून मी ती तपासून घेणार आहे. जो दुकानदार याला हरकत घेईल त्याच्याकडून घेऊ नका. दुकानातून घेतलेल्या जुन्या वस्तूलाही २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचे संरक्षण असते आणि सदोष वस्तू ३० दिवसांच्या आत परत करता येते. खासगी विक्रेत्याकडून घेताना ही सोय जवळजवळ राहत नाही. म्हणूनच पहिली बंदूक दुकानातून घ्यावी, चार पैसे जास्त गेले तरी. बंदूक तुमच्या सर्टिफिकेटवर नोंदवली जाईल. पोलिसांना सात दिवसांच्या आत कळवण्याची जबाबदारी तुमचीही आहे, केवळ दुकानदाराची नव्हे. भिंतीला बोल्टने जखडलेले कुलूपबंद कपाट तुम्ही घेतले असेलच.

आता मिरोकू. तुम्ही ती तिसऱ्या क्रमांकावर टाकलीत, आणि कारागिरीच्या दृष्टीने हा तिच्यावर अन्याय आहे. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेल्या आणि १९३१ पासून बाजारात आलेल्या सुपरपोज्ड या दुनळीची परंपरा ती चालवते. आजच्या ब्राउनिंगच्या खालीवर नळ्यांच्या बहुतेक बंदुका जपानमधल्या कोची प्रांतात मिरोकूच्याच कारखान्यात बनतात. तिची बिजागरी नळ्यांच्या खालून पूर्ण रुंदीची असते आणि बोल्टही तळाशी रुंद असतो. त्यामुळे बंदूक बेरेटाहून थोडी उंच दिसते, पण झिजायला फार वेळ लागतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची मिरोकू माझ्या डोळ्यांदेखत पन्नास हजारांच्या पुढे गेली आहे आणि अजून घट्ट आहे. नळीवर ब्राउनिंगचे नाव नसल्यामुळे ती स्वस्त मिळते, एवढाच काय तो फरक.

तरीही तुमच्यासाठी मी ही बंदूक सुचवत नाही, आणि त्याचे कारण तिचे चोक. ट्रॅपसाठी बनवलेल्या बंदुकीत ते घट्ट असतात; तुमच्या फोटोत नळ्यांवरच्या खुणांवरून वरची फुल (सर्वांत घट्ट) आणि खालची तीन-चतुर्थांश दिसते. ट्रॅपमध्ये तबकडी तुमच्यापासून दूर पळत असते, तिथे हे योग्यच आहे. तुम्ही मात्र स्पोर्टिंग खेळता, जिथे काही तबकड्या पंधरा-वीस मीटरवरून आडव्या जातात. तेवढ्या जवळून फुल चोकचे छर्रे फार लहान जागेत जातात. मारलीत तर तबकडीचा धूर होईल, पण चुकण्याचे प्रमाणही वाढेल. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. ब्रिटिश सरकारने जुलै २०२५ मध्ये शिशाच्या छर्र्यांवर बंदी आणण्याचे जाहीर केले आहे आणि त्यासाठी तीन वर्षांचा संक्रमणकाळ सांगितला आहे. त्यानंतर आपल्यापैकी बहुतेकांना पोलादी छर्रे वापरावे लागतील. पोलाद शिशासारखे दबत नाही, म्हणून ते निम्म्या चोकहून घट्ट नळीतून मारू नये असाच सल्ला दिला जातो. बेरेटाला तुम्ही मोकळा चोक पाच मिनिटांत लावाल. मिरोकूचे चोक मोकळे करून घेता येतात, कुशल कारागीर ते आतून घासून देतो, पण ते काम, त्यानंतरची मापे आणि उंच असलेला ट्रॅपचा दस्ता बदलणे हे सगळे धरले तर ९५० पौंडांची बंदूक बेरेटाच्याही वर जाईल. तीच मिरोकू बदलत्या चोकची आणि स्पोर्टिंगची मिळाली असती तर मी डोळे झाकून तिच्या बाजूने बोलले असते. मिळाली तर अजूनही बोलेन.

पेराझीबद्दल तुमच्या मित्राचे प्रेम मी समजू शकते. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी घडवलेली एमएक्स ८ आजही बनते आणि आजही पदके मिळवते, आणि चापाचा सगळा संच हाताने बाहेर काढून दुसरा बसवता येतो ही तिची खुबी स्पर्धकाला फार उपयोगाची आहे: स्पर्धेच्या मधोमध स्प्रिंग तुटली तर मिनिटभरात दुसरा संच घालून पुढे जाता येते. पण तुम्ही अजून वर्षभराचेही जुने नाही आहात. तुमची उभे राहण्याची पद्धत, बंदूक खांद्याला आणण्याची सवय, मान किती झुकते, हे सारे पुढच्या दोन वर्षांत बदलणार आहे. आज मापाने घेतलेली पेराझी दोन वर्षांनी तुमच्या मापाची राहणार नाही. शिवाय 'पैसे साठेपर्यंत थांबा' याचा अर्थ तोवर मैदानाची बंदूक वापरा असा होतो, आणि दर आठवड्याला वेगळ्या माणसाच्या हातात जाणारी बंदूक वापरून हात बसत नाही.

मापाचा मुद्दा आला आहे तर त्यावर थोडे थांबते, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही आणि माझ्या मते तो या सगळ्या व्यवहाराच्या मध्यभागी आहे. शॉटगनला मागचे साइट, म्हणजे नेम जुळवण्याची मागची खूण, नसते. तुमचा डोळा हेच मागचे साइट, आणि डोळा कुठे येईल हे गाल दस्त्यावर कुठे टेकतो यावर ठरते. साधे त्रैराशिक मांडा. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण एक मीटर धरू. डोळा तीन मिलीमीटर वर राहिला तर चाळीस मीटरवर छर्रे सुमारे बारा सेंटीमीटर वर जातात. तबकडीचा व्यास ११ सेंटीमीटर. म्हणजे गालाखालच्या लाकडात दोन नाण्यांच्या जाडीएवढी चूक झाली की छर्र्यांच्या झोताचा मध्य तबकडीच्या पूर्ण रुंदीहून जास्त सरकतो. म्हणूनच मी तीनशे पौंड राखून ठेवायला सांगितले. तेवढ्यात अनुभवी कारागीर दस्त्याची लांबी कमी-जास्त करून, तो गरजेप्रमाणे वाकवून किंवा गालाखालचा भाग वरखाली होणारा करून देतो. मापाची जुनी बेरेटा बेमापाच्या नव्या पेराझीपेक्षा जास्त तबकड्या फोडते, हे मी कित्येक रविवारी पाहिले आहे.

आता वहिनींचा खांदा. हलकी बंदूक घेतली की धक्का कमी बसेल ही समजूत फार पसरलेली आहे, आणि ती नेमकी उलटी आहे. काडतूस तेच ठेवले तर बंदूक जितकी हलकी तितका धक्का जास्त. ३.६ किलोच्या बंदुकीऐवजी २.८ किलोची घेतली तर त्याच काडतुसाने धक्क्याची ऊर्जा जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढते. बारा बोअरऐवजी वीस बोअर, म्हणजे अरुंद नळीची, घेतल्यानेही आपोआप फरक पडत नाही. फरक काडतुसातल्या छर्र्यांच्या वजनाने पडतो. म्हणून पुढच्या रविवारीच त्यांना २८ ग्रॅमऐवजी २१ ग्रॅमची काडतुसे द्या. त्याच बंदुकीत आणि साधारण त्याच वेगाला धक्क्याची ऊर्जा निदान एक तृतीयांशाने कमी होईल, आणि जवळच्या तबकड्यांसाठी २१ ग्रॅम भरपूर आहेत. यासाठी एक पौंडही खर्च होत नाही. खांदा दुखण्याचे दुसरे कारण बहुतेक वेळा बेमाप दस्ता असते. मैदानाची बंदूक सरासरी उंचीच्या पुरुषाच्या मापाची. तुमच्या पत्नींना तिचा दस्ता लांब पडत असणार, म्हणून तो खांद्याच्या खोबणीत न बसता दंडाच्या हाडावर बसतो आणि तिथेच काळेनिळे पडते. काळा डाग खांद्याच्या बाहेरच्या बाजूला आहे का ते त्यांना विचारा. असेल तर दोष लांबीचाच.

एवढे करूनही त्रास राहिला तर गॅसवर चालणारी अर्धस्वयंचलित बंदूक हा उत्तम पर्याय आहे. तिच्यात बाराच्या वायूचा काही भाग दट्ट्या मागे ढकलण्यासाठी वापरला जातो, त्यामुळे धक्का एकदम न बसता थोडा पसरून बसतो. साध्या शॉटगन सर्टिफिकेटवर ती घेता येते, मात्र मॅगझिनमध्ये, म्हणजे बंदुकीतल्या काडतुसांच्या कप्प्यात, दोनपेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत. तिचा दट्ट्या नियमित साफ करावा लागतो, ती रिकामी असल्याचे दुनळीसारखे लांबून दिसत नाही, आणि हलक्या २१ ग्रॅमच्या काडतुसांवर प्रत्येक बंदूक नीट चालतेच असे नाही. म्हणून आधी मागून आणून मारून पाहावी. सर्टिफिकेट असलेल्या दोन व्यक्तींमध्ये ७२ तासांपर्यंतची उसनवारी नोंदीशिवाय चालते, याचा त्यांचे सर्टिफिकेट आल्यावर फायदा घ्या.

दोघांना एकच बंदूक चालेल का, याचे उत्तर कायद्याने हो आणि व्यवहाराने नाही असे आहे. एक बंदूक दोघांच्या सर्टिफिकेटवर नोंदवता येते. पण तुमच्या मापाची केलेली बंदूक त्यांना बसणार नाही, आणि दोघांच्या मधल्या मापाची केली तर ती कुणालाच बसणार नाही. तोवर मंजुरी असलेल्या मैदानावर त्या सर्टिफिकेटशिवाय मैदानाची बंदूक वापरू शकतात, जशा आजवर वापरत आल्या.

त्यांच्यासाठी काही घेण्याआधी घरीच एक गोष्ट तपासा. तुम्ही त्यांच्यासमोर चार-पाच पावलांवर उभे राहा. त्यांना दोन्ही हात पुढे ताणून अंगठे आणि तर्जनी यांच्यामध्ये लहानसे भोक करायला सांगा आणि त्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून तुमच्या नाकाच्या शेंड्याकडे पाहायला सांगा. त्या भोकातून तुम्हाला त्यांचा जो डोळा दिसेल तो त्यांचा प्रबळ डोळा. त्या बंदूक उजव्या खांद्याला लावतात आणि भोकातून डावा डोळा दिसला, तर त्यांनी खांदा बदलायचा की एक डोळा झाकायचा हे आधी प्रशिक्षकासोबत बसून ठरवा. उजव्या खांद्याच्या आणि डाव्या खांद्याच्या दस्त्याचा बाक वेगवेगळ्या दिशेला असतो. हा निर्णय होईपर्यंत त्यांच्यासाठी दस्ता कोणत्या बाजूला झुकलेला घ्यायचा, हे तुम्हाला कोणताही दुकानदार सांगू शकणार नाही.